अद्भुत कादंबरीचे मुखपृष्ठ आणि वाचकाची आकांक्षा

१. प्रश्नाचे स्वरूप

कादंबरीचे पहिले वाक्य वाचण्यापूर्वी वाचकाने तिचे मुखपृष्ठ वाचलेले असते. पाहिलेले असते असे न म्हणता वाचलेले असते असे म्हणण्यास कारण आहे. मुखपृष्ठावर शब्द असतात, चित्र असते, रंग असतात, अक्षरांची विशिष्ट घडण असते, आणि या सर्वांचा मिळून वाचकाच्या मनात एक अर्थ उभा राहतो. हा अर्थ पुष्कळदा एका विधानाच्या स्वरूपाचा असतो : ‘हे पुस्तक अमुक प्रकारचे आहे व ते अमुक वाचकासाठी आहे.’ सामाजिक कादंबरीच्या बाबतीत हे विधान करणे तितकेसे अवघड नाही. वाड्याचा दरवाजा, चाळीचा जिना, एखादी विचारमग्न स्त्री, एवढ्यावर काम भागते. कारण ज्या जगाचे वर्णन पुस्तकात आहे ते जग वाचकाच्या परिचयाचे असते. अद्भुत कादंबरीची, म्हणजे आज जिला सर्रास ‘फँटसी’ म्हटले जाते त्या प्रकारच्या कादंबरीची, अडचण वेगळी आहे. जे जग कोणीही पाहिलेले नाही, त्याची ओळख तिला एका पानात करून द्यावयाची असते. आणि ती करून देण्यासाठी तिच्यापाशी वाचकाने आधी पाहिलेल्या वस्तूंखेरीज दुसरे साधन नसते.

या अडचणीतून मुखपृष्ठकार वाट कशी काढतो, मराठी वाचकाच्या संदर्भात ती वाट कोणती आहे, आणि ती चुकल्यास काय घडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न वरवर चित्रकलेचा दिसतो; परंतु त्याचे बरेचसे उत्तर भाषेच्या अभ्यासात सापडते.

२. आकांक्षा, योग्यता व संनिधी

शब्दांच्या समूहाचे वाक्य केव्हा होते, या प्रश्नाचा विचार करताना आपल्याकडील मीमांसकांनी व नैयायिकांनी तीन अटी सांगितल्या आहेत. एका पदाला दुसऱ्या पदाची अपेक्षा असणे ही आकांक्षा. पदांच्या अर्थांचा परस्परांशी मेळ बसणे ही योग्यता. आणि पदे एकमेकांजवळ उच्चारली जाणे हा संनिधी. ‘घोडा’ एवढेच म्हणून वक्ता थांबला तर ऐकणाऱ्याची आकांक्षा पुरी होत नाही. ‘पाण्याने शिंपतो’ या वाक्यात योग्यता आहे. ‘विस्तवाने शिंपतो’ यात ती नाही, कारण शिंपण्याची क्रिया द्रवपदार्थानेच संभवते. सकाळी ‘गाय’ म्हटले आणि संध्याकाळी ‘आण’ म्हटले, तर संनिधीच्या अभावी वाक्यार्थ होत नाही.

या तीन अटी मुखपृष्ठाला लावून पाहिल्यास अद्भुत कादंबरीचे वैशिष्ट्य चटकन ध्यानात येते. अद्भुत वाङ्मय हे योग्यतेचा भंग जाणूनबुजून करणारे वाङ्मय आहे. त्यात विस्तवाने शिंपता येते, झाडे चालतात, आरसे उत्तरे देतात. व्यवहारातील वाक्यात जो दोष, तोच येथे आस्वादाचा विषय होतो. परंतु सर्वच पदांची योग्यता एकदम मोडली तर अद्भुत निर्माण न होता केवळ गोंधळ निर्माण होतो. ‘विस्तवाने शिंपतो’ हे वाक्य विलक्षण वाटते याचे कारण त्यातील विभक्ती, क्रियापद आणि पदांचा क्रम ही सर्व जागच्या जागी आहेत. बिघडलेली आहे ती एकच गोष्ट. मुखपृष्ठालाही हाच नियम लागू पडतो. ज्या मुखपृष्ठावर बहुतेक सर्व घटक परिचित असून एकाच ठिकाणी परिचिताचा नियम मोडलेला असतो, ते मुखपृष्ठ वाचकाच्या मनात आकांक्षा उत्पन्न करते. हा मोड का व कसा झाला, हे जाणण्यासाठी तो पुस्तक उघडतो.

भरताने अद्भुत रसाचा स्थायी भाव विस्मय हा सांगितला आहे, तो या दृष्टीने अर्थपूर्ण वाटतो. ज्याला नियम ठाऊक आहे, त्यालाच तो मोडल्याचा विस्मय वाटतो.

३. चित्रापूर्वीचे मुखपृष्ठ : शीर्षक

मराठी कादंबरीचा आरंभच अद्भुतरम्य कथांनी झाला. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) व ‘रत्नप्रभा’ (१८६६), तसेच नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबऱ्यांची परंपरा पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. रंगीत चित्राचे मुखपृष्ठ ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. वाचकाला जे समोर दिसे ते शीर्षकपृष्ठ, म्हणजे लहानमोठ्या टायपांत मांडलेल्या ओळी. तेव्हा मुखपृष्ठाचे काम कोणी केले? ते शीर्षकातील शब्दाने केले.

ही तीन नावे एकत्र वाचावी. तीनही नावे नायिकांची आहेत, तीनही सामासिक आहेत, आणि त्यांचे घटक मोती, रत्न, प्रभा, मंजुळ घोष अशा मोलाच्या व सुखद वस्तूंचे वाचक आहेत. व्यवहारातील तत्कालीन मराठी घरात मुलीचे नाव सहसा असे नसे. पण पुराणे व संस्कृत कथा ऐकलेल्या कानाला या नावांची घडण पूर्णपणे ओळखीची होती. नाव ओळखीचे, परंतु शेजारच्या घरातील नव्हे. एवढ्या अंतरानेच वाचकाला नित्याच्या जगातून उचलून दुसऱ्या जगात ठेवले. पुढे नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे (१८८२–१९२८), यांच्या ‘वीरधवल’ या कादंबरीचे नावही याच जातीचे आहे. मात्र तेथे रत्नांची जागा शौर्याने घेतली आहे.

याच्या जोडीला आणखी एक परिस्थिती ध्यानात घ्यावयास हवी. मराठी कादंबरी ही मोठ्या प्रमाणावर वाचनालयांतून वाचली गेली. पुणे नगर वाचन मंदिरासारखी संस्था १८४८ सालापासून या शहरात आहे. वाचनालयातील पुस्तक टिकावे म्हणून त्याला पुठ्ठ्याची जाड बांधणी करीत, आणि या बांधणीत मूळ मुखपृष्ठ पुष्कळदा आतल्या बाजूस जाई किंवा नाहीसे होई. पाठीवर उरे ते शीर्षक, लेखकाचे नाव आणि दाखलअंक. अशा पुस्तकाची निवड वाचक नावावरून व दुसऱ्या वाचकाच्या शिफारशीवरून करी. मराठीत शीर्षकावर चित्रापेक्षा अधिक भार पडत आला, याचे एक कारण या सवयीतही असावे.

४. चित्रांचा साठा

विसाव्या शतकाच्या मध्यास मुखपृष्ठावर चित्राचे राज्य सुरू झाले. त्या काळी मुखपृष्ठे धातूच्या ठशांवरून छापली जात व प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र ठसा लागे. त्यामुळे रंग वाढला की खर्च वाढे. अशा मर्यादेत काम करणाऱ्या चित्रकारांमध्ये दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) व रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) ही दोन नावे मराठी वाचकाच्या मनात कायमची बसली. दोघेही मूळचे गोमंतकातील. दलालांची लयदार रेषा आणि मुळगावकरांचा गुळगुळीत छायाप्रकाश यांमुळे पुस्तक हे घरात ठेवण्याजोगी शोभेची वस्तूही झाले. बाबूराव अर्नाळकरांच्या ‘झुंजार’ व ‘काळापहाड’ या नायकांच्या रहस्यकथांना मुळगावकरांच्या मुखपृष्ठांनी चेहरा दिला; त्याच मुळगावकरांच्या हातची देवदेवतांची चित्रे दिनदर्शिकांमधून घरोघरी भिंतीवर लागली.

एकाच हाताने रहस्यकथेचा नायक आणि भिंतीवरचा देव रंगवावा, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. अद्भुताच्या चित्रणासाठी मराठी वाचकाच्या मनात जो दृश्यसाठा तयार झाला, तो मुख्यतः तीन ठिकाणांहून आला. पहिले ठिकाण देवदेवतांच्या छापील चित्रांचे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढल्यापासून ही चित्रे सामान्य माणसाच्या घरी पोहोचली. दुसरे ठिकाण ‘चांदोबा’ मासिकाचे. मद्रासहून निघणाऱ्या या मासिकाची मराठी आवृत्ती १९५२ पासून येऊ लागली, आणि प्रेत खांद्यावर घेऊन हातात तलवार धरलेला विक्रम राजा दोन पिढ्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. तिसरे ठिकाण रहस्यकथा व भयकथा यांच्या मुखपृष्ठांचे : अंधार, अर्धवट उजळलेला चेहरा, आणि चौकटीबाहेरून येणारे कसलेसे भय.

या तीन साठ्यांपैकी प्रत्येकाला स्वतःचा वाचकवर्ग जोडलेला आहे. देवाचे चित्र भाविकाचे, चांदोबाचे चित्र मुलाचे, अंधाराचे चित्र रहस्यकथेच्या शौकिनाचे. प्रौढ वाचकासाठी लिहिलेल्या अद्भुत कादंबरीला स्वतःचा असा चौथा साठा मराठीत मिळाला नाही. हरिभाऊ आपट्यांनंतर समीक्षेने वास्तवाची बाजू उचलून धरली व ‘अद्भुतरम्य’ हे विशेषण हळूहळू दूषणासारखे वापरले जाऊ लागले, हेही त्याचे एक कारण होय. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्यासारख्या लेखकाच्या लेखनात विज्ञान, परलोक आणि अतिमानवी शक्ती यांची कितीही सरमिसळ असली, तरी बाजारात त्याची ओळख ‘भयकथा’ या एकाच नावाने पक्की झाली.

वाचकवर्ग निवडण्याचे हे काम मुखपृष्ठ किती निर्णायकपणे करते, याचे परदेशातील एक उदाहरण बोलके आहे. जे. के. रोलिंग यांची हॅरी पॉटरमालेतील पहिली कादंबरी १९९७ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा थॉमस टेलर यांनी काढलेल्या मुखपृष्ठावर तांबड्या आगगाडीपाशी उभा असलेला चष्मेवाला मुलगा होता. लवकरच त्या प्रकाशकाने याच पुस्तकाची प्रौढांसाठी निराळी आवृत्ती काढली. आतील मजकुरात फरक नव्हता. मुखपृष्ठावर मात्र मुलाच्या चित्राऐवजी काळ्यापांढऱ्या छायाचित्रातील आगगाडी होती. मोठ्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी संकोच न वाटता पुस्तक हाती धरता यावे, एवढाच त्यातील हेतू. अर्थात मुखपृष्ठ हे पुस्तकाविषयी जितके बोलते, तितकेच ते पुस्तक हाती धरणाऱ्याविषयीही बोलते.

५. पाठमोरा देव

परिचितातील एकच नियम मोडणे म्हणजे काय, याचे उत्तम उदाहरण अलीकडच्या काळातील आहे. अमीश त्रिपाठी यांची शिव या देवतेला मर्त्य मानव कल्पून लिहिलेली पहिली इंग्रजी कादंबरी २०१० साली प्रसिद्ध झाली. तिचे मुखपृष्ठ रश्मी पुसाळकर यांनी सिद्ध केले. चित्रात एक बलदंड पुरुष पाठमोरा उभा आहे. त्याच्या उघड्या पाठीवर जखमांचे व्रण आहेत. त्याच्यापुढे बर्फाच्छादित पर्वत आहे. हा पुरुष कोण, हे ओळखण्यास भारतीय वाचकाला क्षणाचाही विलंब लागत नाही.

या चित्राचे विश्लेषण चिन्हांच्या परिभाषेत करता येते. चार्ल्स पर्स (१८३९–१९१४) या अमेरिकन तत्त्वज्ञाने चिन्हांचे तीन प्रकार मानले : वस्तूशी साम्य असलेले सादृश्यचिन्ह, वस्तूशी कार्यकारणाने जोडलेले निर्देशचिन्ह, आणि केवळ रूढीने अर्थ देणारे संकेतचिन्ह. प्रस्तुत चित्रातील मनुष्याकृती हे सादृश्यचिन्ह आहे. हिमाच्छादित पर्वत हा भारतीय रूढीने शिवाचा संकेत झालेला आहे. पाठीवरचे व्रण मात्र निर्देशचिन्ह आहेत, धुरावरून अग्नीचे अनुमान व्हावे तसे त्यांच्यावरून घडून गेलेल्या लढायांचे अनुमान होते. संकेताने सांगितले की हा देव आहे; निर्देशाने सांगितले की याला जखमा होतात. या दोन विधानांतील योग्यतेचा भंग हाच त्या कादंबरीचा विषय आहे, आणि तो आतील एकही ओळ न वाचता वाचकापर्यंत पोहोचतो.

परंतु याहून सूक्ष्म गोष्ट आकृतीच्या पाठमोरेपणात आहे. दिनदर्शिकेवरील देव नेहमी समोर पाहतो; कारण ‘दर्शन’ या व्यवहारात भक्ताने देवाला पाहावयाचे असते, तसेच देवानेही भक्ताकडे पाहावयाचे असते. गुंथर क्रेस व थिओ व्हॅन ल्यूवेन यांनी १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या दृश्यव्याकरणावरील ग्रंथात चित्रांचे दोन प्रकार केले आहेत. चित्रातील व्यक्ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाहते, तेव्हा ती त्याच्याकडे काही मागते. ती दुसरीकडे पाहते, तेव्हा ती केवळ आपणास पाहू देते. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर पहिल्या चित्रात ‘मी’ आणि ‘तू’ यांचा संबंध आहे, दुसऱ्यात ‘तो’ आहे. पूजेतील देव हा द्वितीय पुरुषी असतो. कथेतील नायक हा तृतीय पुरुषी असावा लागतो. पाठ फिरवलेल्या शिवाने भक्ताला वाचक केले. वाचकाची जागा आता त्याच्या पायांशी उरली नाही. ती त्याच्या पाठीमागे, त्याच्याच वाटेवर आली. त्याला जे दिसत आहे ते पाहण्यासाठी वाचकाने त्याच्यामागून चालावे, अशी ही रचना आहे.

एवढे सर्व करूनही चित्रातील बाकीच्या गोष्टींत काहीही बदललेले नाही, हे विशेष होय. दृश्यसाठा जुनाच, म्हणजे भिंतीवरच्या देवाचा आहे. मोडलेला नियम एकच.

६. अनुवादित शीर्षकांची साक्ष

चित्र आणि शब्द यांच्या संबंधाविषयी रोलाँ बार्त या फ्रेंच विचारवंताने १९६४ साली असे प्रतिपादन केले की, चित्राला अनेक अर्थ संभवतात आणि सोबतचा शब्द त्यांपैकी एकाला जागेवर स्थिर करतो. जेरार जनेत यानेही १९८७ साली शीर्षक, मुखपृष्ठ, प्रस्तावना इत्यादींचा विचार ग्रंथात प्रवेश करण्याचा उंबरठा म्हणून केला. परभाषेतील अद्भुत कादंबरी मराठीत येते, तेव्हा या उंबरठ्यावर काय घडते, हे तीन शीर्षकांवरून पाहता येईल.

रोलिंग यांच्या पहिल्या कादंबरीच्या इंग्रजी नावात ‘तत्त्वज्ञाचा दगड’ अशा शब्दार्थाची जोडी आहे. अमेरिकेत १९९८ साली ती प्रसिद्ध करताना तेथील प्रकाशकाने तत्त्वज्ञाऐवजी मांत्रिक या अर्थाचा शब्द घातला, कारण तत्त्वज्ञाचे नाव पाहून मुले पुस्तकाकडे वळणार नाहीत अशी त्यास शंका होती. मराठी अनुवादात हा पेच उद्भवलाच नाही. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावातील ‘परीस’ हा शब्द लोखंडाचे सोने करणाऱ्या दगडाचा वाचक म्हणून मराठीत शतकानुशतके रुजलेला आहे; संतवाङ्मय व म्हणी यांतून तो घरच्या बोलण्यात आलेला आहे. इंग्रजी कथेतील दगड अमरत्वाचे पेयही देतो, आणि मराठी परिसाच्या अंगी हा गुण नाही. तेवढी अर्थाची त्रुटी राहिली. पण वाचकाच्या दृष्टीने ओढ वाढली. बालवाचकाच्या कानाला त्यात ‘परी’ ऐकू येते, हा ध्वनीचा लाभ मूळ शब्दात नव्हता.

टोल्किनच्या अंगठीच्या महाकथेचा मुग्धा कर्णिक यांनी केलेला अनुवाद ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने प्रसिद्ध आहे. ‘अंगठी’ हा रोजच्या वापरातला शब्द टाळून ‘मुद्रिका’ हा शब्द योजल्याबरोबर वाचकाच्या मनात सीतेपर्यंत रामाची खूण पोहोचवणारा मारुती व दुष्यंताची हरवलेली खूण जागी होते. या दोन्ही कथांत मुद्रिका ही ओळख पटविणारी वस्तू आहे. टोल्किनच्या कथेतील मुद्रिका याच्या नेमकी उलट आहे. ती धारण करणाऱ्याला अदृश्य करते व हळूहळू त्याचे स्वत्व हरण करते. म्हणजे शीर्षकाने जागविलेली आकांक्षा कथेने उलटवावयाची, असा हा डाव आहे. वाक्यातील शब्दक्रमही सहेतुक भासतो. ‘मुद्रिकांचा स्वामी’ हे विधान झाले असते, ‘स्वामी मुद्रिकांचा’ ही घोषणा झाली.

अमीश यांच्या पूर्वोक्त कादंबरीचा मराठी अनुवाद ‘मेलुहाचे मृत्युंजय’ या नावाने आला. ‘मृत्युंजय’ हे शिवाचेच नाव असल्याने ते इंग्रजीतील ‘अमर’ या अर्थाच्या शब्दापेक्षा अधिक नेमके आहे. तथापि मराठी वाचकाला या शब्दाबरोबर आणखी काही आठवते. शिवाजी सावंत यांची कर्णावरील ‘मृत्युंजय’ ही कादंबरी १९६७ साली प्रसिद्ध झाली, आणि पुराणपुरुषाला माणूस म्हणून वाचण्याची सवय तिने एका पिढीला लावली. तो शब्द मुखपृष्ठावर येताच नव्या पुस्तकाला एक जुनी शिफारस आपोआप मिळाली. ‘परीस’, ‘मुद्रिका’ व ‘मृत्युंजय’ हे तीनही शब्द मराठीच्या स्मृतीतून उचललेले आहेत. परकीय जग आत आणण्यासाठी दार मात्र घरचेच वापरले आहे.

७. अक्षर हेच चित्र

मुखपृष्ठावरील शब्द अर्थाने बोलतो, तसाच तो आकारानेही बोलतो. जे. आर. आर. टोल्किन हा ऑक्सफर्ड येथे प्राचीन इंग्रजीचा प्राध्यापक होता. ‘द हॉबिट’ या आपल्या कादंबरीचे १९३७ सालचे वेष्टन त्याने स्वतः चितारले. डोंगर, अरण्य, सूर्य, चंद्र यांच्या सभोवार त्याने रून या प्राचीन लिपीतील अक्षरांची किनार काढली. सूर्य व ड्रॅगन यांसाठी त्याला तांबडा रंग हवा होता. परंतु चौथ्या रंगाचा खर्च प्रकाशकास न परवडल्याने तो गाळावा लागला. किनार मात्र राहिली. सामान्य वाचकाला ती नक्षी वाटते. जो कष्टाने अक्षरे लावतो, त्याला तीत पुस्तकाचे नाव, उपनाव व प्रकाशकाचे नावही वाचावयास मिळते. या लिपीने एकाच वेळी दोन गोष्टी साधल्या : हे लेखन आहे एवढे कळावे, आणि ते काय आहे हे कळू नये. आकांक्षेचे याहून शुद्ध उदाहरण सापडणे कठीण.

मराठीत अक्षराच्या आकाराने आशय सुचविण्याची कला नाटकांच्या जाहिरातींत पूर्णत्वास गेली. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी केलेल्या शीर्षकांत अक्षराच्या वळणातूनच नाटकाची प्रकृती कळत असे. अद्भुत कादंबरीने मात्र या वारशाचा म्हणावा तसा लाभ घेतलेला नाही. पुष्कळ वेळा इंग्रजी मुखपृष्ठांवरील टोकदार, धातूसारख्या चकाकणाऱ्या अक्षरांची नक्कल देवनागरीवर लादली जाते. रोमन अक्षरे सुटी उभी राहतात, म्हणून त्यांची टोके वाढविता येतात. देवनागरी शब्द शिरोरेषेने बांधलेला असतो, आणि त्याच्या वर व खाली मात्रांचे दोन मजले असतात. ‘मृत्युंजय’ या एकाच शब्दात खाली ऋकार व उकार, मध्ये जोडाक्षर आणि वर अनुस्वार आहे. त्यावर आणखी काटे चढविले, तर विस्मयाऐवजी केवळ वाचनाचे श्रम वाढतात.

टोल्किनला जे रून लिपीने साधले, त्यासाठी मराठीला दूर जावयास नको. मोडी लिपी ही मराठी माणसाला पाहताक्षणी आपली वाटते, परंतु बहुतेकांना ती वाचता येत नाही. पुण्यातील पेशवे दप्तरात या लिपीतील कागदांचे ढीग आहेत. शिरोरेषा आधी ओढून तिच्याखाली न थांबता धावत जाणारी ती वळणे एखाद्या अद्भुत कादंबरीच्या किनारीवर आली, तर ‘हे आपलेच आहे आणि तरीही आपल्याला ठाऊक नाही’ हा भाव एका रेघेत व्यक्त होईल. किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेले शरभ, गावाबाहेरच्या वीरगळांवरील एकावर एक चढत जाणारे तीन-चार कप्पे, हाही असाच दुर्लक्षित दृश्यसाठा आहे. वीरगळ हे तर स्वतःच एक कथनचित्र होय : खाली मरण, मध्ये स्वर्गारोहण, वर देवसंनिध वास.

८. खराडीतील वाचक

हा सर्व विचार आज कोणत्या वाचकासाठी करावयाचा? पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या काठी वसलेले खराडी हे एके काळचे शेतीचे गाव आता इऑन आयटी पार्क, वर्ल्ड ट्रेड सेंटर यांसारख्या संकुलांनी व उंच निवासी इमारतींनी व्यापलेले आहे. तेथे राहणाऱ्या मराठी वाचकापासून अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांची दुकाने दहा-बारा किलोमीटरांवर आहेत. दिवसभर इंग्रजीत काम करणारा हा वाचक अद्भुत कथांशी अपरिचित नाही. चित्रपट, मालिका व संगणकीय खेळ यांमधून त्याने त्या भरपूर पाहिल्या आहेत. पुस्तकाची आणि त्याची पहिली भेट बहुधा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर होते, आणि तेथे मुखपृष्ठाचा आकार टपाल तिकिटाहून फारसा मोठा नसतो.

या बदलाने संनिधीची अट पुन्हा पुढे आणली आहे. दुकानातील फळीवर मराठी पुस्तकाच्या शेजारी मराठी पुस्तक असे. पडद्यावर मात्र त्याच्या शेजारी जगातील कोणतेही पुस्तक असू शकते. अशा वेळी टोपडे ओढलेला तलवारधारी पुरुष किंवा पंख पसरलेला ड्रॅगन मराठी मुखपृष्ठावर काढला, तर ते शेजारच्या इंग्रजी पुस्तकाची फिकी प्रत दिसते. कारण तो साठा त्यांचा आहे व त्यातला कोणता नियम मोडला असता विस्मय वाटेल, हेही त्यांनाच अधिक कळते. उलट, देवादिकांचे चित्र काहीही न मोडता जसेच्या तसे ठेवले, तर ते पुस्तक भाविकांसाठी किंवा मुलांसाठी आहे असा समज होतो. दोन्ही प्रसंगी कादंबरी चुकीच्या वाचकाकडे जाते, आणि ज्याच्यासाठी ती लिहिली तो तिच्यावरून बोट सरकवून पुढे जातो. मराठीत अद्भुत कादंबरीला वाचक नाही, असे अनुमान मग सहज काढले जाते. वस्तुतः वाचक असतो. त्याला हाक ऐकू आलेली नसते.

लहान आकारात टिकते ते थोडेच : एक ठळक आकृती, एक-दोन रंग आणि एक शब्द. ‘परीस’ हा तीन अक्षरांचा, एकाच वेलांटीचा शब्द अशा ठिकाणी स्पष्ट वाचला जातो. रंगांच्या बाबतीत नाट्यशास्त्राने भयानक रसाचा वर्ण काळा व अद्भुताचा पिवळा सांगितला आहे. आजच्या कित्येक अद्भुत कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांवर काळोख्या पार्श्वभूमीवर सोनेरी प्रकाश दिसतो, तो भरताच्या आधारे योजलेला असतो असे नव्हे. परंतु भयाच्या पोटातून विस्मय उजळावा ही अपेक्षा जुनीच आहे, आणि लहानशा पडद्यावर हा विरोध सर्वांत लवकर डोळ्यांत भरतो.

म्हणून मुखपृष्ठाची परीक्षा करताना तीन प्रश्न विचारणे उपयुक्त ठरेल. यातील कोणती गोष्ट मराठी वाचक न सांगता ओळखेल? तीत कोणता एक नियम मोडलेला आहे? आणि तो मोड शीर्षकातील शब्दाने अधिक गडद होतो, की केवळ पुन्हा सांगितला जातो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही तर मुखपृष्ठ परके होते. दुसऱ्याचे मिळाले नाही तर ते भिंतीवरचे चित्र राहते. तिसऱ्याचे मिळाले नाही तर चित्र व शब्द एकमेकांशेजारी असूनही त्यांचे वाक्य होत नाही. दीडशे वर्षांपूर्वी ‘मुक्तामाला’ या एका समासाने, चित्राच्या साहाय्याविना, ही तीनही कामे केली होती. आज चित्राचे साहाय्य भरपूर आहे. त्याच्याकडून तेवढे काम करून घेणे हे मुखपृष्ठकाराइतकेच शीर्षक देणाऱ्या लेखकाचे व अनुवादकाचेही कर्तव्य होय.